बाबांची अकोल्याची खोली

बारावीनंतर मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. अर्ज भरून सहीसाठी बाबांपुढे ठेवला. ते अमरावतीत सरकारी कार्यालयात कारकून होते. अर्ज त्यांनी पूर्ण वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "चित्रं काढून पोट भरते काय वं? डी.एड. कर." दोन दिवस मी जेवले नाही. मग डी.एड. केलं. आज दर्यापूरजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते.

बाबा दर शनिवारी अकोल्याला जात आणि रविवारी संध्याकाळी परत येत. नोकरीत होते तोवर ऑफिसचं काम म्हणायचे, निवृत्त झाल्यावर जुन्या मित्रांच्या सोसायटीचं. खोदून विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी आईच्या मोबाइलवर अनोळखी बाईचा फोन आला. तो मी उचलला.

"सरांच्या छातीत दुखायला लागलं, आम्ही त्यांना दवाखान्यात आणलंय. त्यांच्या फोनमध्ये 'घर' म्हणून हा नंबर होता. आपण त्यांच्या कोण?"

"मुलगी."

"मुलगी?" तिनं पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, "सर म्हणायचे, त्यांना मूलबाळ नाही."

बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी पकडून मी एकटीच अकोल्याला गेले. आईचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते. फोनवरची ती बाई दवाखान्याच्या दारात उभी होती. तिशीची असेल, एका शाळेत चित्रकला शिकवायची. बाबांना भेटायला संध्याकाळपर्यंत सोडणार नव्हते, म्हणून ती मला जवळच बाबांनी भाड्यानं घेतलेल्या खोलीवर घेऊन गेली.

चारही भिंती चित्रांनी भरलेल्या होत्या. कापसाच्या जिनिंगमधल्या बाया, कोरडी पडलेली पूर्णा नदी, म्हशीचा नुसता एक डोळा. पलंगाखाली जुन्या लुगड्यांत गुंडाळलेली आणखी कितीतरी. खुंटीवर खादीचा कुर्ता. घरी आयुष्यभर अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालणाऱ्या बाबांचा तो कुर्ता मी पहिल्यांदाच पाहत होते.

"इथल्या चित्रं काढणाऱ्या मुलांचं पहिलं चित्र सर स्वतः विकत घ्यायचे, ही सगळी तीच," ती सांगू लागली. "माझे वडील मला कॉलेजला पाठवत नव्हते. सर आमच्या घरी येऊन दोन तास बसले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मुलीचा हात थांबवला तर ती जन्मभर त्याच नजरेनं तुमच्याकडे बघेल."

मी पलंगावर बसले. तिला वाटलं मला चक्कर आली. तिनं पाणी आणून दिलं.

संध्याकाळी बाबांना भेटले. नाकात नळी होती, पण शुद्धीवर होते. मला पाहून त्यांनी मान वळवली.

"बाबा, मी मेली होती काय?"

"नाही वं."

"मंग मूलबाळ नाही असं काहून सांगितलं?"

ते थांबत थांबत बोलले. "पोरगी हाय म्हटलं असतं तं लोकायनं विचारलं असतं, ते काय करते, चित्र काढते काय. त्यायले काय सांगणार होतो मी?"

"मले तरी सांगायचं होतं."

"तुले तं कोणत्या तोंडानं सांगू?"

मला राग यायचा होता तेवढा आला नाही. माफही करता आलं नाही. मी त्यांच्या पायावर चादर ओढली आणि बाहेर आले. मंगळवारी पहाटे ते गेले.

तेरवी झाल्यावर आईला मी सगळं सांगितलं. तिनं खोली बघायची म्हटलं, म्हणून गाडी करून नेलं. दारातल्या खुर्चीवर बसून ती एकेक भिंत बघत राहिली.

"मले वाटे, बाई असन," ती म्हणाली. "बाई असती तं भांडता तरी आलं असतं. याच्याशी काय भांडू?"

एखादं चित्र ठेवायचं का, असं मी विचारलं. "कशाले?" म्हणाली आणि उठली.

ज्याचं चित्र त्याला परत द्यायला दोन महिने लागले. काहींनी घेताना माझ्यासमोर रडून घेतलं. ज्यांच्या चित्रकारांचा पत्ता लागला नाही ती चित्रं त्या चित्रकलेच्या बाईंनी आपल्या शाळेत नेली. मग त्या सगळ्यांनी मिळून अकोल्यात शोकसभा ठेवली आणि मला बोलायला उभं केलं. "मी त्यांची मुलगी," एवढंच मला म्हणता आलं. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. मी खाली बसले.

आई सभेला आली नव्हती. घरी पोचल्यावर तिनं विचारलं, "कशी झाली?"

"चांगली झाली. लोक लय रडले."

"रडतीनच," आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "त्यायच्यासाठी तं चांगलाच होता."