वरच्या मजल्यावरचा गणपती

नागपूरच्या वर्तमानपत्रातली नोकरी सोडून मी बेंगळुरूला आले आणि यशवंतपूरला भाजणी-मेतकुटाचा छोटा कारखाना काढला. जम बसल्यावर वरचा हॉलही स्वतःच्या नावावर भाड्यानं घेतला. शहरातल्या मराठी मुलांनी शनिवारी एकत्र बसून वाचावं, बोलावं, भांडावं, एवढाच या वर्गाचा हेतू होता. काही मराठी कुटुंबं सभासद झाली.

उद्घाटनाच्या सत्यनारायणाला एक वयस्कर गृहस्थ संगमरवरी गणपती घेऊन आले. त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मूर्ती शोभेची असेल असं धरून मी पाहुण्यांसाठी थालीपीठं लावायला खाली गेले. वर आले तोवर गुरुजींनी प्राणप्रतिष्ठा उरकली होती.

"देव बसला, अक्का. आता सगळं सरी, सगळं नीट होतंय बघा," अण्णा म्हणाले.

प्रतिष्ठा झालेल्या मूर्तीला रोज पूजा लागते, नैवेद्य लागतो. सभासदांनी आठवडे वाटून घेतले. मग कुणाचा कॉल निघाला, कुणी ट्रॅफिकमध्ये अडकलं. किल्ली माझ्याकडे आणि कारखाना खालीच, त्यामुळे पूजाही माझ्याकडे आली. दिवाळीला नागपूरला जाणं बंद झालं. मुलांना देवासमोर दंगा करायची मनाई झाली, वाढदिवसाला अंड्याचा केक आणायचीही. वर्ग रोडावत गेला.

उरलेली मुलं बहुतेक जयनगरची. एका मुलीच्या आईनं तिथली स्वतःची खोली वर्गासाठी देऊ केली. दोन्ही जागा सांभाळणं मला शक्य नव्हतं. हॉल सोडायचा तर देवाची सोय लावायला हवी. गुरुजींना विचारलं. विधी करून मूर्ती हलवता येईल, म्हणाले, पण रोज पूजा करणारं घर शोधा. मी बैठक बोलावली.

"कोण नेतंय?"

"ताई, आमचं भाड्याचं घर," पुण्याहून आलेला एक इंजिनिअर म्हणाला. "शिवाय मला अधूनमधून ऑनसाइट पाठवतात."

"मग बाप्पाचाही व्हिसा काढ," त्याची बायको म्हणाली. सगळे हसले. हसणाऱ्यांपैकी कुणी हात वर केला नाही.

मी अण्णांकडे पाहिलं.

"माझ्या घरी दोन आहेत, अक्का. घरात तीन गणपती पूजू नयेत, शास्त्र आहे. हा मुलानं जयपूरहून आणला. परत कसा पाठवायचा? म्हणून तर इथं आणला."

"इथं चालतो?"

"हे घर कुठंय? हे तर सगळ्यांचं!"

"आणि ताई, तुम्ही किती मनापासून करता," इंजिनिअरची बायको म्हणाली. त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं.

वर्ग जयनगरला गेला. ती आईच तो चालवते; ऐकते ते असं, की चांगला भरतो. मी अजून पाहिलेला नाही. शनिवारी संध्याकाळी आरतीला दोन-चार जण येतात, आणि दार उघडायला मी लागते.

परवा घरमालक भाडेकरार घेऊन आला. "वर आता मुलं दिसत नाहीत, मॅडम," तो म्हणाला. "हॉल ठेवणार ना?"

ठेवणार, मी म्हटलं, आणि सही केली.