नळाची तोंडं

आमचा बन्सीमामा भिंगारचा गवंडी. बहात्तरच्या दुष्काळात रंगनाथ मास्तरांच्या जुन्या बंगल्यावर कामाला हुता. तिथं जमीन लाकडी फळ्यांची, खाली दोन हात पोकळ. आत वारं खेळावं म्हनून जोत्याला भोकं ठेवलेली. मास्तरांना दमा. त्यांना उन्हात बसता यावं म्हनून आक्काबाईंनी, म्हंजे मास्तरांच्या मंडळींनी, भिंतीला लागून काचेची खोली काढली.

नव्या खोलीच्या भरावानं भोकं बुजनार, मामाला ठाऊक. त्यानं मुरमातनं खापरी नळ घातले, भोकापासनं पार बाहेरच्या भिंतीपर्यंत. तेवढ्यात मामी जामखेडला आजारी पडली. निघताना जोडीदार छगनला म्हनला, "नळाची तोंडं उघडी ठेव रं."

मामीच्या दुखन्यात दोन पावसाळे गेले. परत आला तर आक्काबाई दारातच.

"बन्सी, फळ्या मऊ पडल्यात. बुरशीच्या वासानं ह्यांना श्वास घेववत नाही. काय केलंस तू?"

मामा छगनला घेऊन पळत मागं गेला. नळाची चारी तोंडं शिमेटनं बंद!

"छगन्या, मेल्या, काय केलंस?"

"तूच नळ म्हनलास ना? मला वाटलं पान्याचा. दुष्काळात नळ उघडा ठिवला तर बाईनं जोड्यानं हानलं नसतं व्हय?"

मामा हसायला गेला, हसू आलंच न्हाई. छगन रडत छिन्नी घेऊन तोंडं फोडायला बसला. आता काय उपेग? मामानं कोपऱ्यातली फळी उचकटून तुळईत बोट घातलं, ते लोन्यात शिरावं तसं शिरलं. आन मास्तरांची खाट बरोबर त्याच तुळईवर.

"मास्तरांना हलवा, आक्का."

"डॉक्टर म्हणाले आज हलवलं तर दम जाईल. काहीतरी कर रे बन्सी, तुझ्या पाया पडते."

"माज्या हातचं काम हाय," एवढंच म्हनला. दगडं घेऊन फळ्यांखाली शिरला, सरपटत. छगन वरनं दगड देत हुता. तीन टेकू बसले. चौथ्याला तुळई कडाडली.

आतनं आवाज आला, "खाट उचला! आधी मास्तरांना!"

आक्काबाई, छगन आन शेजारचे दोघं, चौघांनी खाट उचलून बाहेर आनली. मास्तर वाचले. मागं तुळई फळ्यांसकट मामावर कोसळली. मग छगन हातानं फळ्या उपसाय लागला, "बन्सी, बोल की रं, शिव्या दे मला," म्हनत.

मामा काय बोलला न्हाई.