माय म्हणणारा फोन

नांदेडहून लातूरला जाताना एसटीत एक तरुणी माझ्या शेजारी बसली होती. विशेष मुलांच्या शाळेत शिकवायची. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी तिनं अ‍ॅप बनवलं होतं. चित्रावर बोट ठेवलं, की फोन बोलतो. असली अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत तिला शिरायचं होतं. आज मुलाखत होती आणि वाटेतच त्यांचा फोन आला: अ‍ॅपमधला आवाज शुद्ध मराठीत करून पाठवा, नाहीतर येऊ नका.

ती ओढणीनं सारखी फोनची काच पुसत होती.

"दादा, तुमचं बोलनं शुद्ध हाय. ह्या फोनात एक वाक्य बोलता का?"

घरातला पहिला पदवीधर मी. ही भाषा घासून कमावलेली. ऐटीत बोललो, "आई, मला भूक लागली आहे."

तिनं दोनदा ऐकलं.

"लई छान. पन माझ्या शाळंतली पोरगी जन्मात पहिल्यांदा हाक मारनार, अन् माय म्हनंल, घरात कोन साहेब आला?"

मला झोंबलं, कारण खरं होतं.

माझा आवाज पुसून तिनं स्वतःचाच पाठवला: "माय, भूक लागली."

कंपनीचं उत्तर आलंच नाही. लातूरला उतरल्यावर तिनं रिक्षावाल्याला कंपनीचाच पत्ता सांगितला.