भागीरथाबाईचा सरवा

दर्यापूरहून पूर्णेच्या अंगाला गेलं की खारपाणपट्टा लागतो. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, पण जमीन अशी काळी, अशी चिकट की मूठभर उचलली तर हात सोडायला तयार होत नाही. त्या पट्ट्यात मोहाडी खुर्द नावाचं लहानसं गाव आहे. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर तिथं हरभरा येतो आणि माघात त्याचे घाटे टच्च भरतात. या हरभऱ्याच्या रानात भागीरथाबाईचं सारं आयुष्य गेलं. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं पेरलं, निंदलं, सोंगलं आणि सगळं आटोपल्यावर सरवा वेचला.

सरवा म्हणजे पीक घरी गेल्यावर रानात मागं राहिलेलं. विळ्यातून निसटलं, गाडीतून सांडलं, ते धरतीचं. आणि धरतीपुढं जो वाकेल त्याचं. ती भीक नव्हे. घरात कणगी भरलेली बाईसुद्धा सरव्याला जाते, कारण पडलेलं अन्न उचलणं मोहाडीत मानाचं समजतात. पण त्याला रीत आहे. शेतात शिरायच्या वाटेवर बाभळीची काटी आडवी टाकलेली असते. ती आडवी आहे तोवर आत पाऊल नाही. माल निघाला की धनी स्वतःच्या हातानं काटी ओढून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकतो. तोंडानं कोणी बोलावत नाही, कोणी विचारत नाही. काटी बाजूला दिसली की बायांनी समजून घ्यायचं.

भागीरथाबाई या रीतीची पक्की. म्हणून तर गावातल्या लग्नात कोठीवर तिलाच बसवत. तूप, साखर, सुकामेवा सगळा तिच्या ताब्यात, किल्ली कमरेला. "भागीरथा कोठीवर हाये त मुंगीलेही विचारून जा लागते," असं लोक हसून म्हणत. त्या हसण्यावर ती जगत होती म्हटलं तरी चालेल. नवरा लवकर गेला, जमिनीचा तुकडा पोटापुरता. तिची खरी इस्टेट हीच होती.

मागच्या फाल्गुनात त्या इस्टेटीवर घाला आला.

गावचे वामनराव लेकाकडं अमरावतीला राहायला गेले आणि जाताना शेत अकोल्याच्या किशोरला मक्त्यानं देऊन गेले. किशोर कष्टाळू माणूस. पण पहिल्याच वर्षी त्याची तुरीची गंजी कोणीतरी उचलून नेली आणि तेव्हापासून त्याला बांधावरून जाणारा प्रत्येक माणूस चोर दिसू लागला. त्यानं दर्यापूरच्या गयासुद्दीनचं हार्वेस्टर लावून हरभरा काढला, माल नेला आणि खाली पडलेले घाटे वेचायला दोन दिवसांनी यायला बाहेरगावच्या बाया सांगून ठेवल्या. हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथाबाई त्या धुऱ्यानं निघाली. पाहते तर काटी बाजूला पडलेली. तिनं मातीला हात लावून कपाळाला लावला, पदर खोचला आणि वेचायला लागली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा पिशवी भरत आली होती. तेवढ्यात रस्त्यावर मोटरसायकल थांबली. किशोर उतरला. थोडं बोलणं झालं आणि मग त्यानं मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला.

"सापडली! माही तूरही तूच नेली असशीन!"

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावातल्या सगळ्या मोबाइलवर फिरला. पोलीस म्हणाले, एवढ्याशा मालाची चोरी आम्हाला कोर्टाच्या हुकुमाशिवाय हाती घेता येत नाही. किशोर हट्टाला पेटला होता. त्यानं वकील लावला आणि दर्यापूरच्या कोर्टात सरळ फिर्याद दिली. भागीरथाबाईच्या नावानं समन्स आला, त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही.

लेक शिवम अमरावतीला गॅरेजमध्ये कामाला. तो धावत आला. त्यानं इकडंतिकडं विचारून ठेवलं होतं.

"आई, आता नवीन कायदा आला. पहिलीच वेळ असली, माल लहान असला अन् वापस केला, त जेल नाही. समाजसेवा करा लागते. दवाखान्यात झाडू मारून घे चार दिवस अन् मोकळी हो. कबूल करून टाक."

"झाडूची लाज नाही रे मले. जनम झाडू मारण्यातच गेला."

"मंग?"

"झाडू मारता मारता कोणी विचारलं, मावशी तुमी इथं काहून, त काय सांगू? चोरी केली म्हणून?"

शिवम चिडला. "तुही मानपानाची हौस मले भोवते! गॅरेजचा मालक किती सुट्ट्या देईन?"

"मी बोलावलं होतं का तुले? जाय, गाड्या धू."

तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी तोच तिला कोर्टात घेऊन गेला.

बाईमाणसाला सरकारकडून फुकट वकील मिळतो, हे भागीरथाबाईला तिथं कळलं. मिळाली ती प्रणाली नावाची अमरावतीची पोरगी, काळ्या कोटात हरवून गेल्यासारखी दिसणारी. भागीरथाबाईला वाटलं, हे लेकरू काय लढणार. पण पोरीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. काटी, पिशवी, ऊन, सगळं.

"मावशी, इंग्रजांच्या काळचा कायदा गेला, नवा आला, कलमांचे आकडे बदलले," ती म्हणाली. "पण चोरीचं मूळ तेच राहिलं. नुसतं उचललं म्हणजे चोरी होत नाही. मनात लबाडी पाहिजे. अन् लबाडी होती हे दाखवायचं काम किशोरचं. नव्हती हे दाखवायचं तुमच्यावर नाही."

"पण मन कोणाले दिसते वो पोरी?"

"दिसत नाही. म्हणून हात काय करत होते ते पाहतात. तुम्ही त्याला पाहून पळालात?"

"पळू काहून? मी त त्याले आवाज देला. म्हटलं, भाऊ, पाणी हाये का घोटभर?"

प्रणालीची लेखणी थांबली. "हे आधी का नाही सांगितलं?"

"पाणी मांगणं का सांगायची गोष्ट हाये?"

"तिथं अजून कोण होतं?"

"कोणीच नाही. तो अन् मी."

प्रणालीनं तेही लिहून घेतलं. चोर चोरी करताना धन्याला हाक मारून पाणी मागत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ती हाक ऐकणारा जगात एकच माणूस होता आणि तोच फिर्यादी होता. व्हिडिओ त्या हाकेनंतर सुरू झालेला. किशोरनं "नाही" म्हटलं, की गोष्ट तिथंच संपत होती.

पहिल्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" भागीरथाबाईनं "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. जीभ टाळूला चिकटली. तिला सासू आठवली.

सासू पार्वताबाई नवी नवरी असताना गावात कोणाचे तरी चांदीचे तोडे हरवले होते. तेव्हाच्या पंचांनी संशयितांना मारुतीसमोर बसवलं आणि प्रत्येकाच्या तोंडात मूठभर कोरडे तांदूळ दिले. चावायचे आणि पानावर थुंकायचे. ज्याचे तांदूळ ओले तो सच्चा. ज्याचे कोरडे तो चोर. पार्वताबाई सोळा वर्षांची पोर, माणसांच्या त्या गराड्यात भीतीनं सुकून गेली. तिचे तांदूळ जसेच्या तसे बाहेर आले. पुढं ते तोडे मालकाच्याच गोठ्यात, कडब्याखाली सापडले. पण तोवर तिनं वर्षभर मान खाली घालून पाणी भरलं होतं. मरेपर्यंत ती म्हणायची, "माहं तोंड खोटं बोललं व. मी नाही."

कोर्टात भागीरथाबाईनं घाबरून प्रणालीचा कोट धरला. "पोरी, माह्यं तोंड कोरडं पडलं. साहेबाले दिसलं असन."

प्रणाली कानाशी वाकली. "पडू द्या. तोंड कोरडं पडलं म्हणून आता कोणी चोर ठरत नाही. भ्यायचा हक्क आहे मावशी तुम्हाला."

न्यायाधीशांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी शिपायाला पाणी द्यायला सांगितलं, ती पिईस्तोवर थांबले आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी "नाही" स्पष्ट निघालं. घरी येताना ती शिवमला म्हणाली, "माह्या सासूले कोणी पाणी देलं नव्हतं रे." आणि जीपमध्ये बसून रडली, दुःखानं नव्हे.

खटला रेंगाळला. सोयाबीन निघालं, दिवाळी झाली. गावात माणिकबाईच्या घरी लेकीचं लग्न निघालं आणि माणिकबाई स्वतः बोलवायला आली.

"कोठीवर बसाचं हाये, चाल."

"माणिक, निकाल लागला नाही अजून."

"म्हणूनच आली. निकाल लागला नाही त तू चोर कशी?"

"तुह्ये सोयरे नावं ठेवतीन."

"माह्ये सोयरे जेवाले येऊन राहिले का पंचायत कराले?"

भागीरथाबाई गेली नाही. तिचा पीळ तो. पण माणिकबाई दाराशी आली होती, एवढ्यावर तिनं ती अख्खी लग्नसराई काढली.

साक्षी झाल्या. आधी गयासुद्दीन उभा राहिला. किशोरच्या कामावरचा माणूस, पण प्रणालीनं विचारलं तसं त्यानं सांगितलं, "मशीन मोठी, काटी मीच काढली. वापस लावली नाही. गावात त्याचा काय मतलब होते, मले काय मालूम?" मोहाडीची रीत सांगायला वामनराव अमरावतीहून काठी टेकत आले.

मग किशोरची उलटतपासणी. प्रणालीनं आवाज न चढवता विचारलं, "तुम्ही रस्त्यावर थांबलात, तेव्हा पहिल्यांदा कोण बोललं?"

"ती बोलली."

"काय बोलली?"

किशोर थांबला. त्याच्या वकिलानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. भागीरथाबाईनं डोळे मिटले. तिची अब्रू त्या क्षणी किशोरच्या जिभेवर होती, आणि त्या जिभेनं आजवर तिच्याबद्दल एकही चांगला शब्द काढला नव्हता.

"पाणी मांगितलं तिनं," किशोर म्हणाला. "भाऊ, पाणी हाये का म्हणे."

"तुम्ही दिलंत?"

"नाही." आणि खाली पाहून, कोणी विचारलं नसताना, "माह्या गाडीले बाटली होती."

निकाल लहानसा होता. न्यायाधीशांनी तो साध्या मराठीत समजावला. बाईनं घाटे घेतले हे खरं. पण गावच्या रीतीनं ते आपल्याला घेता येतात असं तिला मनापासून वाटलं; भर दिवसा, धन्याला हाक मारून घेतले. लबाडी शाबित झाली नाही. निर्दोष.

बाहेर कडुलिंबाखाली शिवम आईचे पाय धरायला वाकला, तर आई तिथं नव्हतीच. ती किशोरकडं निघाली होती. किशोर मोटरसायकलची किल्ली शोधत होता, सगळ्या खिशांत.

"भाऊ," तिनं हात जोडले, "तुह्ये उपकार झाले."

शिवम मागून ओरडला, "त्याचे उपकार? ज्यानं कोर्टात खेचलं त्याचे?"

"तू चूप बस. तिथं ऐकाले तिसरं कोण होतं? हा एक नाही म्हटला असता त मी मेली असती जिती."

किशोरचा चेहरा पडला होता. "मावशी, असं नका बोलू. मी शपथ घेतली होती, खोटं कसं बोलू? तो व्हिडिओ आत्ताच काढून टाकतो."

"काढू नको. काढला त लोक म्हणतीन, काहीतरी लपवलं. त्याच्याखालीच निकाल टाक."

किशोरनं तिथंच उभ्या उभ्या लिहिलं आणि पाठवलं. शिवमच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि किशोरला म्हणाला, "चहा पेता का?" आवाज अजून रागाचाच होता, पण विचारलं खरं.

टपरीवर सगळे जमले. निकाल ऐकायला आलेला गयासुद्दीन म्हणाला, "मावशी, साक्षीत माह्यी दाढी थरथरत होती, पाहिली का?"

"पाहिली ना. मले वाटलं थंडी वाजून राहिली तुले."

प्रणाली कोट हातावर टाकून आली. भागीरथाबाईनं आपल्या हातानं तिला चहा दिला आणि कितीतरी दिवस मनात घोळलेलं विचारलं, "पोरी, आंधी मन पाहा, मंग माणसाले दोषी म्हणा, हे कोणी काढलं वो?"

"कोण्या एकानं नाही मावशी. कित्येक पिढ्या लोकांनी चुका केल्या, निर्दोष माणसांना सजा दिल्या, मग हळूहळू शहाणपण आलं. अजूनही येऊन राहिलं आहे."

"म्हणजे त्यायची नावं नाही?"

"नाही."

भागीरथाबाईनं चहाचा ग्लास बाकावर ठेवला. दर्यापूरच्या त्या गर्दीत जीपवाले गावांची नावं ओरडत होते, कोणी कांद्याची पोती उतरवत होतं. तिनं पदर सारखा केला, कोणा एकाकडं नव्हे, असे नुसते समोर हात जोडले आणि क्षणभर तशीच उभी राहिली. मग ग्लास उचलून म्हणाली, "चाला, थंडा होईन."