पावणेदोन तास

सकाळी अकराला चेन्नईजवळच्या गाड्यांच्या कारखान्यातून निरोप आला, ‘माल मिळाला, लाइन सुरू.’ तळवड्याच्या ऑफिसात आम्ही खुशीत चहा मागवला. तो यायच्या आत दुसरा फोन... माल घेऊन आलेला माणूस गेटवरच्या बाकावर बसल्या बसल्या गेला. हृदयविकाराचा झटका. सहा आठवडे झाले, पण त्या पहिल्या निरोपाने झालेल्या आनंदाची मला अजून लाज वाटते.

काळेवाडीचे शब्बीरभाई आमच्याकडे डिस्पॅचला होते. ब्रेकच्या पिना कमी पडून तिकडची लाइन थांबायला आली, म्हणजे गाड्या जोडायचं काम अडायला आलं, की निळ्या बॅगेत पिना भरून ते पुण्याहून विमानाने निघायचे. गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचं काम माझं. किती वेळ, असं विचारलं की मी ठरलेलं सांगायचो, पावणेदोन तास. खोटं नव्हतं, विमान तेवढंच उडतं. मोशी-दिघीचा ट्रॅफिक, लोहगाव विमानतळावरची रांग, तिकडे बॅगेसाठी ताटकळणं, पुढची टॅक्सी, हे सगळं शब्बीरभाईंच्या गळ्यात. उशीर झाला की बोलणीही तेच खायचे.

एकदा हसत म्हणाले, “साहेब, विमान पावणेदोन तास उडतंय. मला जायला सात लागत्यात. तेवढं एकदा सांगा की त्यांना.”

“सांगतो,” मी म्हणालो. सांगितलं नाही. सात म्हटलं तर ऑर्डर दुसरीकडे जाईल, अशी मी माझी समजूत घालत राहिलो.

शब्बीरभाई गेले त्या दिवशी त्यांच्या घरी कळवायला मीच गेलो. भाभी म्हणाल्या, “भाऊ, तिथनं विमानाला किती वेळ लागतो?”

आणि सवयीने तोंडातून तेच आलं... पावणेदोन तास.

कंपनीचा माणूस सांगतोय म्हणून सगळ्यांनी ते खरं धरलं. कबर खोदून झाली. असरच्या, दुपार कलल्यावरच्या नमाजाला नातेवाईक जमले, आणि बसून राहिले. तिकडे शवविच्छेदन, पोलिसांचा कागद, पेटी, कार्गोत जागा. पिनांसाठी मी दहा फोन करून वाट काढायचो. इथे प्रत्येकाने मला नियम सांगितला आणि मी ऐकून घेतला. शब्बीरभाई दुसऱ्या दिवशी दुपारी आले, कार्गोच्या दाराने, पेटीवर वजनाची चिठ्ठी लावून. भाभी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

निळी बॅग परत आली, ती माझ्या टेबलाखाली आहे. झाकणाला आतून त्यांनी एक कागद चिकटवलाय. घरून किती वाजता निघालो, गेटवर किती वाजता पोचलो, प्रत्येक खेपेची वेळ त्यांच्या तिरक्या अक्षरात. एकही खेप सात तासांच्या आतली नाही.

काल पुन्हा तिकडून फोन आला. पिना संपत आल्यात, किती वेळ लागेल? नवा माणूस समोर उभा होता, बॅग उघडी होती, कागद डोळ्यांसमोर होता.

“पावणेदोन तास,” मी म्हणालो.