सासऱ्यांचे सात कोंबडे

माझ्या सासऱ्यांइतका न्यायी माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्या न्यायबुद्धीला माणसांनी इतकी थोडी दाद दिली की पेन्शन झाल्यावर त्यांनी कोंबडे पाळले. कोर्टात ते शिरस्तेदार होते. निवाडा द्यायचं काम मुनसफांचं, कागद पुढे सरकवायचं काम यांचं. पण ओसरीवर वादी-प्रतिवादी बसलेले दिसले की यांना राहवत नसे. "आधी पाणी प्या, मग सांगा," म्हणून ते दोघांच्या मधे बैठक मारत आणि तडजोड सुचवत. त्यांच्या तडजोडीने दोन्ही पक्ष हटकून एक होत, फक्त ते यांच्याविरुद्ध एक होत.

एकच तडजोड टिकली, ती बाळकुमच्या एका शेतकऱ्याच्या बांधाची. सासरे नोकरीतून सुटल्याचं ऐकून तो त्यांच्या नौपाड्याच्या घरी आला, तो काखेत एक तांबडा कोंबडा घेऊन. सासऱ्यांनी उभ्या जन्मात कोणा पक्षकाराचा नारळही घेतला नव्हता. घरात लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. त्यांनी हात जोडले. शेतकरी म्हणाला, "नाय घेतला तं घरा याचा कालवण होनार, रावसाहेब. मंग मना बोलू नका."

सासऱ्यांनी कोंबड्याकडे पाहिलं, कोंबड्याने सासऱ्यांकडे पाहिलं, आणि स्वयंपाकघरातून सासूबाईंनी या दोघांकडे पाहिलं. त्या दिवसापासून वर्षभर सासूबाईंनी परसात पाऊल टाकलं नाही.

नौपाड्यात एक रावसाहेब कोंबडे घेतात आणि कापत नाहीत, ही बातमी बाळकुमात पोचायला वेळ लागला नाही. जो कोंबडा अंगावर येई, जो शेजाऱ्यांच्या भाजीत शिरे, जो म्हातारा झाला म्हणून सुरी लावायला मन धजेना, तो सासऱ्यांच्या परसात येऊन पडू लागला. बघता बघता सात कोंबडे झाले. कोंबडी मात्र एकही नाही. कोंबडी आली की अंडी आली, आणि अंडी आली की लोक काय म्हणतील, एवढा विवेक सासऱ्यांपाशी शाबूत होता.

लोकांनी तरीही म्हणायचं ते म्हटलंच. आळीतली चार वडीलधारी मंडळी एका सकाळी घरी आली. प्रायश्चित्त घ्या, नाहीतर तुमच्याकडचं पाणी बंद, असा त्यांचा निरोप होता. मी त्या दिवशी कल्याणहून आगगाडीने आलो होतो आणि जावई म्हणून पाटावर बसलो होतो. सासऱ्यांनी शांतपणे विचारलं, "मी कोंबडी खातो का?"

"नाही, पण..."

"मी अंडी विकतो का?"

"उद्या विकाल!"

"कोंबडा अंडं देतो एवढं सिद्ध करा," सासरे म्हणाले, "मी आजच पंचगव्य घेतो."

मंडळी बराच वेळ विचार करत बसली. मग सुपारी खाऊन उठली.

सात कोंबडे एका परसात नांदवायचे म्हणजे खेळ नव्हे. पण ते नांदत. प्रत्येकाला निराळ्या झाडाखाली निराळी मातीची परळ, एकाला दुसऱ्याचा दाणा दिसू नये अशा बेताने ठेवलेली. कोणी मान फुगवून दुसऱ्यावर धावला की सासरे त्याला उचलत, डोक्यावर उपरणं टाकत आणि राग उतरेपर्यंत काखेत घेऊन फिरत. कधी कधी राग मासुंदा तलावापर्यंत उतरत नसे. मग सासरे काखेत कोंबडा घेऊनच देवळाबाहेरून नमस्कार करीत. कोंबड्यांची नावं त्यांनी हुद्द्यांवरून ठेवली होती, आणि हाक मारताना ते अदब सोडत नसत. एकदा खुद्द मामलेदारांचा टांगा कुंपणाशेजारून चालला होता, तेवढ्यात आतून खणखणीत आवाज आला, "मामलेदार, लाज नाही वाटत? दुसऱ्याच्या ताटात तोंड घालता?" टांगा थांबला. मामलेदार उतरले, कुंपणावरून डोकावले आणि आपल्या नावाचा कोंबडा पाहून गेले. पुढे महिनाभर कचेरीत ते फार जपून वागत होते म्हणतात.

या शांततेचा सासऱ्यांना भारी अभिमान. "जावईबापू," ते मला म्हणत, "माणसांना जे आयुष्यभर सांगितलं, ते या मुक्या जिवांना एका वर्षात पटलं. शेवटी ऐकणारा शहाणा लागतो."

मग दिवाळीला बाळकुमचा शेतकरी फराळाला आला, आणि कृतज्ञतेपोटी एक गुबगुबीत कोंबडी घेऊन आला. "नुसतं कोंबरं काय कामाचं?" असं म्हणून त्याने ती परसात सोडलीसुद्धा.

पुढे जे झालं त्याला मी दंगल म्हणेन. मुनसफाने फौजदाराचा तुरा फोडला. मामलेदार तुळशीवृंदावनावर चढले आणि तिथून सगळ्यांवर उडी घेऊ लागले. परळ फुटल्या, केळ आडवी झाली. सासरे मधे उभे राहून ओरडत होते, "ऐका! आधी माझं ऐका!" एका कोंबड्याने त्यांच्या पोटरीला चोच मारली. एकाला काखेत धरावं तर बाकीचे सहा मोकळे. कोंबडी एका कोपऱ्यात दाणे टिपत होती.

तेव्हा सासूबाई ओचा खोचून बाहेर आल्या. त्यांनी कोणाला काही समजावलं नाही. दोन हातांत कोंबडी उचलली, शेतकऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "भाऊ, करंज्या बांधून देते. हिला आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

दोन-तीन दिवस धुसफुस चालली आणि मग सातही पुन्हा नीट नांदू लागले. सासरे मात्र विहिरीच्या पायरीवर बसून असत. "म्हणजे माझ्या सांगण्याने नव्हतंच ते," एवढंच ते माझ्याशी बोलले. सासूबाई फौजदाराच्या तुऱ्याला हळद लावत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "अहो, काखेत घेऊन कोण फिरलं असतं त्यांना? इकडे या, पाय धरा याचे." सासरे उठले आणि त्यांनी पाय धरले.

तेव्हापासून संध्याकाळी दोघं परसात असत. त्या दाणे टाकत, ते परळ मांडत. बोलणं चाले ते कोंबड्यांविषयीच, पण चाले. तीस वर्षं कोर्टात दुसऱ्यांची भांडणं ऐकून घरी येणारा हा माणूस बायकोशी एवढा बोलतो हे माझ्या पत्नीला नवीन होतं. ती दारातून ऐकत उभी राही आणि मलाही हात धरून थांबवी.

सासूबाई गेल्या त्या वर्षी सासऱ्यांनी सगळे कोंबडे बाळकुमला पोचवले. कापणार नाही असं शेतकऱ्याकडून तीनदा वदवून घेतलं. "एकट्याने होत नाही हो," ते म्हणाले, आणि कल्याणला आमच्याकडे राहायला आले. आमच्या मागच्या वस्तीत कोणाचा तरी कोंबडा होता. तो पहाटे आरवला की सासरे उठून मागच्या दारात जाऊन उभे राहत.

"कोणाचा हो हा?" ते विचारत.

"माहीत नाही," मी अंथरुणातून म्हणे.

"एकटाच दिसतो," ते म्हणत, आणि तो पुन्हा आरवेपर्यंत तिथेच थांबत.