सिद्धूचं पोट आणि आमच्या पत्रकातली ओळ

तुमच्या नऊ महिन्यांच्या लेकराला डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी सांगितली, तर तुमच्या मनात आधी काय येतं? लेकराचं पोट, की डॉक्टरांचा कट?

माझ्या मनात कट आला.

रविवारी सकाळी सोलापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात माझा भाचा सिद्धू टेबलावर निपचित पडला होता. त्याच्या लंगोटात जांभळाच्या रसासारखं चिकट रक्त आलं होतं. डॉक्टर बाईंनी पोटावर गार जेल लावलं आणि मशीनची मूठ फिरवली. पडद्यावर गोलात गोल दिसला.

"याला इंटससेप्शन म्हणतात," त्या म्हणाल्या. आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. घाईत सदरा काढताना बाही आतल्या आत जाते, तसा. मग त्यांनी डॉपलर लावलं. त्यात वाहतं रक्त रंगीत दिसतं. सिद्धूच्या त्या गोलात रंग आलाच नाही.

"कधीपासून रडतोय?"

"काल सकाळपास्नं," वहिनी म्हणाली.

डॉक्टर बाईंचा हात थांबला.

शनिवारी दादा चिंचोळीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. सर्दीतून नुकताच उठलेला सिद्धू एकाएकी पाय पोटाशी घेऊन किंचाळला. थोड्या वेळानं गप्प झाला, पांढरा पडला, मग खुळखुळ्याकडं बघून हसलासुद्धा. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. दुपारपर्यंत उलट्या सुरू झाल्या. आम्ही त्याला शुक्रवार पेठेतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पोट चाचपलं आणि चिठ्ठी लिहिली: पोटाची सोनोग्राफी, आजच.

मी म्हटलं, "सोनोग्राफी गरोदर बाईची असते. रडणाऱ्या लेकराची कसली?"

ते म्हणाले, "ताई, तुमचं पत्रक माझ्याच भिंतीवर चिकटवलंय तुम्ही. वाचलंय मी. तरी सांगतोय."

आमच्या घरात पत्रकं काढायची रीत वडिलांपासूनची. ते गिरणीत होते तेव्हा बोनसची पत्रकं निघत. माझ्या हाती आल्यावर दवाखान्यांतल्या लुटीची निघू लागली. शेवटच्या पत्रकातली तिसरी ओळ माझी होती: 'लहान मुलाचं पोट दुखलं की सोनोग्राफी लिहून देणारा डॉक्टर तुम्हाला लुटतो आहे. नकार द्या.' कुठल्याही डॉक्टरला न विचारता मी ती लिहिली होती. वाचायला जोरकस वाटली, एवढंच.

दवाखान्याच्या पायरीवर वहिनी म्हणाली, "वन्सं, करून घेऊ की. त्यात काय जातंय?"

"आज आपण केली तर उद्या गल्ली करेल. तत्त्व म्हणून काही असतं की नाही?"

तिनं दादाला फोन लावला. तो म्हणाला, "ती शिकलेली हाय की. ती म्हणंल तसं कर."

आम्ही घरी आलो. मी सिद्धूला ओव्याचं पाणी पाजलं. संध्याकाळी तो रडायचा थांबला. मला वाटलं, उतार पडला. तो थकला होता.

रविवारी दुपारी शस्त्रक्रिया झाली. काळं पडलेलं आतडं कापून काढावं लागलं. व्हरांड्यात मी डॉक्टर बाईंना विचारलं, "काल आणलं असतं तर?"

"खरं सांगू?"

"सांगा."

"बहुतेक लेकरं लवकर आणली तर चिरफाडीशिवाय बरी होतात. सोनोग्राफीत बघत बघत खालून सलाइन सोडायचं, आतडं मागं सरकतं. या मशीनमध्ये फक्त आवाजाच्या लहरी असतात. किरणं नाहीत, सुई नाही."

दादा शेजारी उभा होता. तो माझ्याकडं न बघता पाणी आणायला गेला.

मंगळवारी सिद्धूचा श्वास जोरात चालू लागला. त्याला एक्सरेला हलवण्याजोगी स्थिती नव्हती, म्हणून तेच मशीन त्याच्या पलंगाशी आणून छातीवर टेकवलं. फुफ्फुसात हवा असली की पडद्यावर आडव्या रेषा दिसतात. सिद्धूच्या उजव्या बाजूला त्या नव्हत्या. तिथं यकृतासारखा घट्ट करडा भाग दिसत होता. उलटीतलं काही श्वासनळीत गेलं होतं, न्यूमोनिया झाला होता. तो भाग मला डॉक्टरांच्या आधी दिसला. तीन दिवसांत मी पडदा वाचायला शिकले होते. शनिवारी पाच मिनिटं कुणाचं ऐकायला शिकले नव्हते.

गुरुवारी दुपारी सिद्धू गेला. वहिनीनं त्याच्या कुंची-टोपड्याची स्वतःच्या हातानं घडी घातली.

लूट आहे. ते मी आजही म्हणते आणि म्हणत राहीन. पण सगळ्या डॉक्टरांना एकाच ओळीत चोर ठरवणं सोपं होतं, म्हणून मी ठरवलं. त्या ओळीची किंमत ज्यानं मोजली त्याला अजून वाचताही येत नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी वहिनीनं माळ्यावरून उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा काढून माझ्यापुढं ठेवला. वर पेन ठेवलं.

"वन्सं, जाळू नका. ओळ तेवढी खोडा आन् वाटा."

ती माझ्यासमोर बसून राहिली. मी प्रत्येक पत्रकावरची ती ओळ खोडली, तिनं एकेक कागद सरळ केला.

पण वाटून झालेली पत्रकं घराघरांत आहेत. तुमच्याकडं असेल तर आज शोधा. तिसरी ओळ खोडा आणि खाली तुमच्या अक्षरात लिहा: 'लेकरू थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन रडतंय, उलट्या होतायत, मलूल पडतंय, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. सोनोग्राफी सांगितली तर लगेच करा.' आणि तो कागद ज्यांच्या घरी पाळणा हलतोय त्यांच्या दारात नेऊन द्या.